खाडीतली निंदणी

कोकणातून परत आलेला माणूस आठवडाभर मासे, आमसुलं आणि नारळाबद्दल बोलतो. मीही तेच केलं. फूलबाजारात, पारावर, दाढी करताना न्हाव्याला, सगळ्यांना सोलकढीचं वर्णन ऐकवलं. मग एका संध्याकाळी हिने भाकरी थापता थापता विचारलं, "अहो, अशूचं काम कसं चाललंय ते काहीच बोलला नाहीत. ते बघायलाच गेला होतात ना?" मी म्हटलं, "मळ्यातली मोटर चालू राहिली वाटतं," आणि चपला घालून निघालो. मोटर बंद होती. तिच्याजवळ अर्धा तास बसून आलो.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मोटरीचं कारण चालणार नाही, म्हणून लिहूनच टाकतो. सोलकढीही मध्ये मध्ये येईल, पण ती फक्त घशाखाली घोट उतरावा म्हणून.

अशू म्हणजे अश्विनी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी. नाशिकबाहेर आमचा मळा आहे. शेवंती, झेंडू, मधल्या वाफ्यांत मेथी आणि कोथिंबीर. पहाटे माल काढायचा, बाजारात न्यायचा, दुपारी मळ्यात परत. मी चाळीस वर्षं हेच करतोय. या घरातली मुलगी समुद्राचं शास्त्र शिकायला गेली आणि त्यातूनही तिने काय निवडावं, तर गवत. समुद्रात गवत उगवतं, हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं. मी तेव्हा तिला विचारलं होतं, "गाईला चालतं का?" तिने शांतपणे सांगितलं, की दूरच्या समुद्रांत एक प्राणी ते खातो आणि त्याला समुद्रगायच म्हणतात. त्या दिवसापासून मी या विषयातला निम्मा जाणकार झालो, असा माझा समज होता.

ती दोन वर्षं सिंधुदुर्गातल्या एका खाडीवर राहत होती. खाडीचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला ओळखावं एवढं तिथे मी करून आलोच आहे, तुम्ही तिथे जाऊन माझी चौकशी केलीत तर तीही ओळख वाढायची. "नाना, एकदा माझं काम बघायला या," असं ती प्रत्येक फोनवर म्हणायची. मला घरात सगळेच नाना म्हणतात. शेवंतीचा पहिला तोडा संपला आणि मी निघालो.

पोहोचलो

बरोबर मेथीच्या वीस जुड्या, कोथिंबीर, दोन किलो चिवडा आणि शेवंतीची डझनभर रोपं नेली होती. प्रवासाबद्दल एवढंच सांगतो, की कोथिंबीर नाशिकची म्हणून चढली आणि कोकणात खत म्हणून उतरली. रोपं जगली.

अशू ज्यांच्याकडे राहते त्या घरमालकीणबाईंनी माझ्यापुढे पेजेचं ताट ठेवलं. उकड्या तांदळाची पेज, बाजूला सुक्या माशाची चटणी. आमच्याकडे एवढं पातळ फक्त तापातल्या माणसाला देतात. मी विचारलं, "कोणी आजारी आहे का?" बाईंनी अशूकडे बघितलं, अशूने छताकडे. पुढचे चार दिवस मी रोज सकाळी दोन वाट्या पेज मागून घेतली, पण पहिल्या प्रश्नाची भरपाई झाली असं वाटत नाही.

रात्रीच्या जेवणात अशूने तिचं काम समजावून सांगितलं. हा भाग नीट वाचा, कारण मी तो नीट ऐकला नाही.

खाडीच्या मुखाजवळ चिखलाचा एक लांब पट्टा आहे. ओहोटीला उघडा पडतो. पूर्वी तिथे समुद्री गवत दाट होतं. त्यात कोळंबीची पिल्लं वाढायची, मासे अंडी घालायचे, चिखल धरून राहायचा. मग ते गेलं. गावातल्या बायका तिथे खुबे काढतात, म्हणजे चिखलातले शिंपले. पायाच्या बोटांनी चाचपायचं आणि हाताने उपसायचं. रोजच्या उपसण्यात गवताला मूळ धरायला सवड मिळत नाही, असं अशूचं म्हणणं होतं. तिने बायकांना विनंती केली, की एक वर्ष हा पट्टा सोडा. पट्टा सगळ्यात चांगला, सगळ्यात जास्त खुबे तिथेच. बायका हसल्या. पण त्यांच्यातली सुमतीकाकी म्हणून एक बाई आहे, साठीची, त्या कामात सगळ्यांत जुनी. तिने अट घातली.

"काकी म्हणाल्या, वर्ष सोडतो," अशू मला सांगत होती. "पण तू लावलेलं गवत आम्हाला दाखवू नकोस. तू उद्या निघून गेलीस तर कोण लावत बसणार? आपोआप गवत आलं, तर आम्ही अजून सोडू. नाही आलं, तर वर्ष संपलं की आमचा पट्टा आम्हाला."

म्हणून तिने चिखलात पांढऱ्या पाइपांच्या बारा चौकटी ठोकल्या होत्या. प्रत्येक चौकट मीटरभर लांब, मीटरभर रुंद. सहांत तिने दुसरीकडून आणून गवत लावलं. सहांत काहीच लावलं नाही. फक्त वाट बघायची.

"आणि नाना, या पावसाळ्यानंतर सहातल्या चारांत आलंय! आपोआप! चार दिवसांनी, म्हणजे रविवारनंतरच्या ओहोटीला, काकी आणि बाकीच्या बायका बघायला येणार आहेत."

मी जोरजोरात मान हलवत होतो. तिला वाटलं आनंदाने. माझ्या टाळूला बांगड्याचा काटा लागला होता. तो निघेपर्यंत ती हात धुवायला गेली होती, आणि मला जे ऐकू आलं ते एवढंच: बारा वाफे आहेत, सहांत लावलंय, सहा मोकळे आहेत, आणि बघायला पाहुणे येणार आहेत.

दुसरा दिवस

आमच्याकडे विजेच्या वेळापत्रकावर घर चालतं. या आठवड्यात लाइट दिवसा, त्या आठवड्यात रात्री, त्याप्रमाणे पाणी भरायचं. अशूच्या भिंतीवर तसाच तक्ता होता, भरती-ओहोटीचा. फरक इतकाच, की चंद्राला फोन करून शिव्या घालता येत नाहीत. अमावास्या नुकतीच झाली होती, त्यामुळे ओहोटी सकाळी आणि अगदी खोलवर.

उजाडता उजाडता आम्ही पट्ट्यावर उतरलो. मी काळ्या मातीतला माणूस, चिखल मला नवा नाही, असं मी तिसऱ्या पावलापर्यंत म्हणत होतो. चौथ्या पावलाला डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल खालीच राहिली. अशू चौकटी दाखवत पुढे चालली होती. "नाना, ही बघा, हीच ती. दिसलं का?" मी खांद्यापर्यंत हात घालून चप्पल शोधत होतो. म्हटलं, "दिसलं, दिसलं, छान आहे." चप्पल सापडली नाही. गवत मी पाहिलं नाही. पण पाहिलं, असं मी म्हणालो होतो, आणि त्यामुळे तिने ते पुन्हा दाखवलं नाही.

परतताना एक बाई भेटली. कासोटा घट्ट खोचलेला, कमरेला टोपली, पाय काटक्यांसारखे आणि चिखलात चालणं घरातल्या ओसरीवर चालावं तसं. हीच सुमतीकाकी. बंद पट्ट्याच्या अगदी कडेकडेने, पाय आत न पडू देता, ती पलीकडच्या खडकाळ भागात खुबे काढायला चालली होती. ती वाट लांबची आणि माल कमी.

"खंयचे पाव्हणे?" तिने विचारलं.

"नाशिकचे. माझे काका," अशू म्हणाली.

काकीने माझ्या एका अनवाणी पायाकडे बघितलं. "एकच चप्पल घालतत नाशकात?"

मी म्हटलं, "दुसरी खाडीला वाहिली." आमच्याकडे गोदावरीला नारळ वाहतात, असं काहीतरी पुढे जोडणार होतो. पण ती एवढी हसली, की पुढे बोलायची गरजच उरली नाही. दुपारी तिने घरी वाटीभर खुबे पाठवले, पाव्हण्यासाठी. खोबऱ्याच्या वाटणातले. मी तीन वेळा वाढून घेतले आणि वाटी पुसून खाल्ली.

संध्याकाळी घरमालकीणबाईंच्या अंगणात शेवंती लावून दिली. खुरपं मी घरून नेलं होतं. दुसऱ्याचं खुरपं माझ्या हाताला बसत नाही. काम झाल्यावर ते पिशवीत टाकलं आणि पिशवी खुंटीला अडकवली.

तिसरा दिवस

त्या सकाळी अशूला होडीने खाडीत आत जायचं होतं, निरनिराळ्या ठिकाणच्या पाण्याचा खारटपणा मोजायला. मला तिने चौकटींपाशी सोडलं. "तासभर बसा इथे. छान वाटतं. पाणी चढायला लागलं की बांधावर जा. आणि नाना, कशालाही हात लावू नका हं."

मी म्हटलं, "अगं मी काय लहान आहे?"

होडी वळणाआड गेली. मी दगडावर बसलो. पांढरे बगळे, दूरवर माड, चिखलावर ऊन. पाच मिनिटं बसलो असेन. चाळीस वर्षांत मी कुठल्याही वाफ्याशेजारी पाच मिनिटांपेक्षा जास्त नुसता बसलेलो नाही.

उठून चौकटी बघायला लागलो. सहा चौकटी देखण्या होत्या. लांब रिबिनीसारखी पाती, ओळीत लावलेली. रोपांतलं अंतर सारखं, आमच्या घराण्याचा हात. बाकीच्या सहा मोकळ्या. त्यातल्या दोन स्वच्छ. आणि चारांत, कसं सांगू, विखुरलेलं काहीतरी. बोटाच्या पेराएवढी गोल गोल पानं, जोडीजोडीने, ओळ नाही, अंतर नाही, कुठूनही उगवलेली. वाकून एक उपसून बघितलं. चिखलाखालून पांढरं खोड सरपटत गेलेलं आणि पेरापेराला मूळ फुटलेलं.

हरळी!

ज्यांनी शेती केली नाही त्यांना हे समजायचं नाही. हरळीचा एक पेर मागे राहिला तरी ती पावसाळ्यात अख्खा वाफा गिळते. आमच्या वडिलांनी मळ्यात हरळी दिसली म्हणून पाहुणे टाळलेले मी पाहिलेत. आणि इथे पाहुणे येणार होते. बिचारी पोर एकटी काय काय बघेल? लावलेले वाफे तिने जपले, मोकळ्यांकडे लक्ष गेलं नाही.

"कशालाही हात लावू नका" हे मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण आमच्यात निंदणीला हात लावणं म्हणत नाहीत. लावलेल्याला हात लावायचा नसतो. निंदायचं ते हात लावावा लागू नये म्हणूनच.

सकाळी खुंटीवरून खांद्यावर घेतलेल्या पिशवीत खुरपं होतं. मी धोतरासारखा पायजमा वर खोचला आणि बसलो.

सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू, काम फार सुंदर झालं. चिखल ओला, खुरप्याचं टोक लोण्यात घातल्यासारखं जात होतं. एकेक वेल पेरापेराने सोडवत, हलकेच हलवत, टोकापर्यंत काढली. चौकटीच्या पाइपाखालून बाहेर गेलेलं खोडसुद्धा सोडलं नाही. शेवटी तळहाताने चिखल सपाट केला. उपटलेल्याचा ढीग बांधावर नेऊन उन्हात पसरला, म्हणजे पुन्हा रुजायला नको, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवला. मग हात धुऊन बसलो आणि गाणं म्हटलं. पाणी चढून चौकटी झाकल्या गेल्या तेव्हा मी बांधावर होतो, मनातून अगदी प्रसन्न. सुमतीकाकी परतताना पट्ट्याच्या कडेने गेली, लांबून हात केला. मीही केला.

अशूला काही सांगितलं नाही. उद्या स्वतःच बघेल आणि चकित होईल, असा बेत होता.

चौथा दिवस

ती चकित झाली.

आम्ही बरोबरच उतरलो. ती पुढे होती. पहिल्या मोकळ्या चौकटीपाशी थांबली, मग दुसऱ्या, मग पळत चौथ्या. चिखलात पळता येत नाही, पण ती पळाली. परत आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. ही मुलगी झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही रडली नव्हती.

"गेलं," ती म्हणाली. "चारही. आपोआप आलं होतं, नाना, गोल पानांचं, इथलंच. वर्षभर वाट बघितली. खणून काढलंय कोणीतरी."

तेव्हा मला समजलं. एकदम, सगळं. बांगड्याचा काटा, चप्पल, मान हलवणं, सगळं एका रांगेत उभं राहिलं. माझ्या तोंडून त्या वेळी जे निघालं ते लिहिण्यासाठीच खरं म्हणजे हा सगळा खटाटोप आहे.

मी विचारलं, "कोण असेल गं?"

आवाजात काळजी होती. आवाज उत्तम लागला होता.

ती चिखलाकडे बघत म्हणाली, "काल काकी इथूनच गेल्या ना? तुम्ही बघितलं का त्यांना?"

"गेल्या खऱ्या," मी म्हणालो.

हेही खरंच होतं. आजवर मी बरेच गोंधळ घातलेत. भावाच्या लग्नात दुसऱ्याच मांडवात जेवून आलोय. पण ते सगळे अंगाशी येणारे गोंधळ होते. हा मी उचलून दुसऱ्याच्या अंगावर ठेवला.

दुपारी सुमतीकाकी स्वतः आली, हातात झाकलेली वाटी. "पाव्हण्याक आवाडले म्हणान हाडलंय." अशू दारातच उभी राहिली. "आज नको काकी."

"कित्याक गो? बरां नाय तुका?"

"बरं आहे. नको आज."

काकीने आत माझ्याकडे बघितलं. मी भरती-ओहोटीचा तक्ता वाचत होतो. काकी वाटी घेऊन परत गेली. तिच्या पावलांचा आवाज फाटकापर्यंत ऐकला आणि मी तक्त्यातली दुसऱ्या दिवशीची ओहोटी कधी आहे ते वाचलं. सकाळी नऊ वाजता. बायका येणार होत्या.

त्या संध्याकाळी मी तीनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा अशू फोनवर होती. दुसऱ्यांदा ती फोनवर नव्हती, मी म्हटलं, "अशू, ऐक ना," ती म्हणाली, "काय नाना?" मी म्हणालो, "पेज आहे का?" तिसऱ्यांदा तीच बोलली. "दोन वर्षं या बायकांच्या घरी जेवले मी. मला वाटायचं, यांना माझं काम कळलंय." मी म्हटलं, "हं." नाशिकची माणसं बोलघेवडी म्हणतात. त्या "हं" नंतर मी मागून घेतलेली पेज पीत बसलो.

पाचवा दिवस

आठ-नऊ बायका आल्या होत्या, टोपल्या घेऊनच. गवत नसलं तर लगेच कामाला लागायच्या तयारीत. सुमतीकाकी मागे उभी होती. आदल्या दिवसाच्या वाटीची गोष्ट गावात पोहोचली असावी, कारण कोणी तिच्याशी बोलत नव्हतं आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

अशूने रिकाम्या चौकटी दाखवल्या. "गवत आलं होतं. चार ठिकाणी. परवापर्यंत होतं. मग कोणीतरी काढलं. कोणी काढलं, ते मला विचारायचं नाही. पण मी तुम्हाला दाखवणार होते ते आता माझ्याकडे नाही."

एक बाई म्हणाली, "परवा हयसून सुमतीच गेल्ली."

काकीने टोपली खाली ठेवली. "कडेन गेलंय. वर्सभर कडेनच जातंय. आतमदी माज्या पायाचो एक ठसो दाखव."

"पाण्यात ठसो खंयचो ऱ्हवतलो?" कोणीतरी म्हणालं, आणि दोघी-तिघी हसल्या. काकी हसली नाही. तिने अशूकडे बघितलं, आणि अशूने नजर खाली घातली.

"मी काढलं," मी म्हणालो.

आता तुम्हाला वाटेल, सगळीकडे शांतता पसरली. तसं काही झालं नाही. कोणी विश्वासच ठेवला नाही.

"नाना, तुम्ही मध्ये पडू नका," अशू म्हणाली.

"म्हातारो चांगलो आसा," एक बाई दुसरीला म्हणाली. "सुमतीक वाचवता."

म्हणजे गुन्हा लपवण्यात मी जितका पटाईत निघालो, तितकाच कबूल करण्यात कच्चा. मी म्हटलं, "अहो खरंच मी. खुरप्याने. मोकळा वाफा होता, त्यात हरळी आली होती, म्हणून निंदून दिला." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मीच पुढे झालो आणि सगळ्यांना बांधावर घेऊन गेलो.

ढीग तसाच होता. दोन दिवसांच्या उन्हात कुरकुरीत वाळलेला. गोल, नीट, वर मधोमध दगड.

सगळ्यांनी तो बघितला. खुबे काढणारी बाई घाईत चिखल उपसते, ती असा ढीग लावत नाही. असा ढीग शेतकरीच लावतो.

अशू खाली बसली. दगड उचलून बाजूला ठेवला. एक वेल हातात घेतली. वाळलेली, काळपट, पण अखंड. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुळं राहिली असतील का नाना खाली? थोडी तरी? तुटून?"

तिच्या आवाजात आशा होती. एखाद्या आळशी माणसाने हे काम केलं असतं तर ती खरीही ठरली असती.

"नाही गं," मी म्हणालो. "मी मागे काही ठेवत नाही."

तेव्हा बायका हसल्या. मोठ्याने, कमरेवर हात ठेवून. मला ते हसू बरं वाटलं, शिव्यांपेक्षा. सुमतीकाकी तेवढी हसली नाही. ती अशूसमोर जाऊन उभी राहिली.

"आमका सांगलंस पाय ठेवू नको. आमी नाय ठेवलो. नि घरच्या माणसाक सांगूक इसारलंस?"

"सांगितलं होतं काकी," अशू म्हणाली. पण त्यावर ती थांबली नाही. "तुम्हाला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. धरूनच चालले."

"होय," काकी म्हणाली. तिने एवढंच म्हटलं. मग वळून बायकांना म्हणाली, "गवात इल्लां हुतां. रोज जाता येता मी बगलंय. चार चौकटीत. आपसूक. मी सांगतंय." आणि टोपली कमरेला लावून, पुन्हा कडेकडेने, खडकाळ भागाकडे चालायला लागली. जरा वेळाने बाकीच्याही तिच्या मागे गेल्या. एकही बाई आत उतरली नाही.

म्हणजे पट्टा वाचला. पण कसा वाचला ते बघा. जिच्यावर आळ आला तिच्या शब्दावर वाचला. माझ्याकडे तिने जाताना बघितलंही नाही. मी मागे धावत जाऊन माफी मागितली, तेव्हा चालता चालता म्हणाली, "काल दारात बोलाचां हुतां." मी "हो" म्हणालो.

दुपारी अशू वही घेऊन ओसरीवर बसली. प्रत्येक चौकटीचं एक पान होतं. मी समोर बसलो. मला वाटत होतं ती ओरडेल. भावाची मुलगी आहे, हक्क आहे. तिने ओरडण्याऐवजी विचारायला सुरुवात केली, आणि ते फार वाईट.

"काकींच्या शब्दावर पट्टा राहील. माझं काम काकींच्या शब्दावर राहत नाही. इथे निरीक्षण रद्द झाल्याचं कारण लिहावं लागेल." तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं: माणसाने उपटले.

मी म्हटलं, "अनवधानाने, असं लिहितेस का पुढे?"

"नाना, पाइपाखालचं खोडसुद्धा काढलंय तुम्ही. इतकं नीट काम अनवधानाने होतं का?"

ती पुढे विचारत गेली. खुरपं किती खोल घातलं? चार बोटं. चिखल वरचा काळा होता की खालचा राखाडी लागला? राखाडी. यांची उत्तरं मला येत होती. खोली, चिखल, ओल, सगळं मला आठवत होतं. ती भराभर लिहून घेत होती आणि मला अगदी थोडं, वाटाण्याएवढं, उपयोगी पडल्यासारखं वाटायला लागलं.

"पानं सगळी जोडीनेच होती?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"एक जोडी बघितली होती मी. पहिली."

तिने लिहिलं. मग पेन उचलून म्हणाली, "हे शेवटचं. या ओहोटीला मी तेच बघणार होते. नुसतं आलं एवढ्याने भागत नाही, फुललं तर ते टिकणार. पानांच्या जोडीच्या बुडाशी असतं, फार बारीक, पांढरट. ढिगात बघितलं, पण वाळून सगळं गळून गेलंय. नाना, त्यांना फुलं होती का?"

चाळीस वर्षं माझं घर फुलांवर चाललंय. अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून शेवंतीची कळी उद्या उमलेल की परवा, ते मी सांगतो. त्या तासाभरात चार चौकटींतली एकेक वेल माझ्या याच बोटांतून गेली होती. मी आठवायचा फार प्रयत्न केला. काही पांढरं होतं का? होतं असं म्हटलं असतं, तर पोरीला किती बरं वाटलं असतं. "असावीत" असं मी म्हटलंही.

तिने पेन टेकवलं नाही. वर बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नाही. मी बघितलंच नाही."

तिने मान हलवली आणि चारही पानांवर, फुलांच्या रकान्यात, एकेक करून रेघ ओढली.